पान सत्तेचाळीस

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयाचा एक नियम होता. तसला नियम मी पुढे कुठल्याच वाचनालयात पाहिला नाही. पुस्तक परत करताना त्यावर अभिप्राय लिहावा लागे. टेबलावर एक लांबट वही असायची, तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. अभिप्राय लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नसे. नियम अध्यक्षांनी केलेला. अध्यक्ष वकील होते. निजामाच्या काळात त्यांची सगळी वकिली उर्दूत झाली होती, त्यामुळे मराठीवरचं प्रेम त्यांनी जपून, न वापरता ठेवलं होतं. सक्तीने अभिप्राय लिहिला की समाजात रसिकता वाढीला लागेल, असं त्यांना वाटे. वाढीला काय लागलं ते वही उघडली की दिसायचं. 'वाचले. बरे आहे.' 'छपाई सुबक.' 'पान अकरावर तेलाचा डाग आहे, तो माझ्या आधीचा आहे.'

बायकांची वेळ शनिवारी दुपारी असे. मी तेव्हा नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची, म्हणून सुटल्यावर थेट तिकडे जायची. खरं सांगायचं तर मला पुस्तकांइतकीच त्या वहीची ओढ होती. पुरुषांचे अभिप्राय बहुधा लेखकाला उद्देशून असत. लेखकाने असं करायला हवं होतं, तसं टाळायला हवं होतं. बायकांचे अभिप्राय कथेतल्या माणसांना उद्देशून असत. 'तिने माहेरी जायला नको होते. भावजय कशी आहे ते पहिल्याच पानावर कळते.' 'एवढ्या वेळात पुरण शिजत नाही.' पुरणाचा अभिप्राय एका नावाजलेल्या कथेवरचा होता. ती कथा आजही निवडक कथांच्या संग्रहात येते आणि तिच्यातलं पुरण आजही शिजलेलं नसतं. मी दरवेळी त्या ओळीपाशी थांबते.

माझं शाळेतलं शिक्षण उर्दूतून झालं, आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं तसंच. त्यामुळे गोष्टी मी दोन्ही भाषांत वाचत होते, आणि मनाशी एक फरक ठरवून टाकला होता. उर्दू कथेतली माणसं शेवटी उसासा टाकतात, मराठी कथेतली शेवटी उपदेश करतात. नव्या मराठी कथा निघाल्या होत्या, त्यांत माणसं शेवटी खिडकीबाहेर बघत. तिन्ही प्रकार मला आवडत, पण शेवटचं पान उलटण्याआधी काय येणार ते साधारण कळायचं.

वाचनालयाकडे एक मासिक यायचं, नेमकं अठ्ठेचाळीस पानांचं. पूर्ण अंक घरी दिला तर तो परत येताना विणकामाचं पान गेलेलं असे, पाककृतीचं पान गेलेलं असे, फक्त संपादकीय शाबूत असे. शेवटी ग्रंथपालांनी ठरवलं की वर्षाच्या अंकांचे टाके सोडवून त्यांतल्या कथा तेवढ्या बाजूला काढायच्या आणि जाड खंड बांधून घ्यायचे. ग्रंथपालांना आम्ही काका म्हणत असू. कमी बोलणारे, कफाने सतत खोकणारे गृहस्थ. बांधणीसाठी ते बेगम बाजारच्या कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या जिल्दसाजाकडे जात. या चाचांची बांधणी इतकी पक्की की पुस्तक फाटलं तरी शिवण सुटत नसे.

नवव्या खंडात दोन कथा होत्या, त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

पहिलीत एक शिवणकाम करणारी बाई आहे. नवरा सहा वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला. एके दिवशी त्याचं पत्र येतं की शुक्रवारी येतो. बाई घर सारवते, त्याच्या आवडीची भाजी करते, स्वतः उपाशी वाट बघते. संध्याकाळी कडी वाजते. ती उठते, कडी काढते. तिथे शेहेचाळिसावं पान संपतं. सत्तेचाळिसावर बाहेर कुणी नसतं. वारा असतो. ती थोडा वेळ उभी राहते, दार लावून घेते, पाट मांडते आणि जेवायला बसते. 'तिला भूक लागली होती', अशा काहीशा वाक्याने कथा संपते.

मी ते पान तीनदा वाचलं. ना उसासा, ना उपदेश, ना खिडकी. मराठीत कुणी असं लिहितं याची मला कल्पना नव्हती. त्याच लेखकाच्या बाकीच्या कथा मी शोधून वाचल्या. त्या सगळ्यांत शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी पाया पडत होतं. एवढा शहाणपणा त्या गृहस्थाला एकदाच कसा सुचला, हे मला कोडंच होतं.

दुसरी कथा म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या बाईची. रोज संध्याकाळी तिला कडी वाजल्यासारखी वाटते, रोज वारा असतो. कथेत फार काही घडत नाही. मग शेहेचाळिसाव्या पानाच्या तळाशी पुन्हा कडी वाजते, आणि सत्तेचाळिसाव्या पानावर दारात एक माणूस उभा. केस पिकलेले, हातात पेढ्यांचा पुडा. 'मी चुकलो' म्हणतो आणि रडतो. ती त्याला वाढते. संसार म्हणजे काय याबद्दल लेखक दीड परिच्छेद लिहितो. या माणसाचा आधीच्या पानांत कुठे उल्लेखही नाही.

या दुसऱ्या कथेवर अध्यक्षांनी एका रविवारी व्याख्यान दिलं. हार झाला, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाबद्दल आभार झाले. मग त्यांनी विचारलं, "तो कोण?" आणि आम्ही सुचवण्याआधी सांगितलं, "तो मृत्यू आहे. पिकलेले केस पाहा. 'मी चुकलो' म्हणजे काय? यायला उशीर केला."

मागच्या सतरंजीवर माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती आमच्याच शाळेत लहान वर्गांना शिकवायची. ती मोठ्याने म्हणाली, "मग पेढे कशाला आणले?"

अध्यक्ष पाणी प्यायले. "पेढा," ते म्हणाले, "हे जीवनाच्या माधुर्याचं प्रतीक आहे."

"मृत्यूच्या हातात?"

"म्हणूनच," अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

ही मैत्रीण नांदेडकडच्या शेतकरी घरातली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, एका मुलीची आई, नारायणगुड्यातच माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहायची. तिचा नवरा जमीनमोजणीच्या कचेरीत होता. शाळेत ती अप्रशिक्षित शिक्षिका होती. म्हणजे काम तेवढंच, पण वर्षअखेरीला पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची काळजी तिनेच करायची. प्रशिक्षणाची परीक्षा एकदा द्यायची ठरली होती, तेव्हा नेमकं दिराचं लग्न निघालं. "परीक्षेचं पुढे पाहू," असं सासरी ठरलं, आणि पुढे कुणी पाहिलं नाही. आता चार वर्षांनी तिने पुन्हा नाव घातलं होतं. परीक्षा एप्रिलमध्ये होती.

आणि त्याआधीच्या हिवाळ्यात, छप्पन साली, हैदराबाद राज्याचे भाषेवरून तीन तुकडे झाले. मराठी कचेऱ्या औरंगाबादला जाऊ लागल्या. आमच्या गल्लीत रोज कुणीतरी खाटेचे पाय सोडवत असे. कोण कुठे जाणार याच्या याद्या निघत, बदलत, पुन्हा निघत. निरोपसमारंभ इतके झाले की हार घालणाऱ्यांनाच हार घालायची वेळ आली. मैत्रिणीच्या नवऱ्याला औरंगाबाद मिळालं. तो आईला घेऊन पुढे गेला. शाळेची सहामाही परीक्षा झाली की ही मुलीला घेऊन येईल, असं ठरलं होतं. सहामाही झाली. त्याचं पत्र आलं: संक्रांतीच्या आत निघून यावे, घर मिळाले आहे, परीक्षेचे पुढे पाहू.

ते 'पुढे पाहू' तिने मला बोट ठेवून दाखवलं.

"काय करणार?" मी विचारलं.

"ती जेवायला बसली ना गं," ती म्हणाली. मला क्षणभर कळेना. "ती शिवणवाली. नवरा येणार म्हणून सगळं केलं तिनं, नाही आला, तर दार लावून जेवायला बसली. रडली नाही, वर बघितलं नाही. मला तेवढंच येईल असं वाटतंय. एप्रिलपर्यंत."

तिने नवऱ्याला उत्तर लिहिलं होतं. परीक्षा होईपर्यंत येणार नाही, मग येईन, एवढंच. लिफाफा तिच्या पिशवीत होता. आठ दिवस तो वह्यांबरोबर शाळेत येत होता आणि वह्यांबरोबर घरी जात होता. त्या काळात नवरा एका गावी आणि बायको नोकरीसाठी दुसऱ्या गावी, असं आमच्या ओळखीत एकही घर नव्हतं. सासूने मनात आणलं असतं तर नवऱ्याने तिला कायमचं हैदराबादलाच राहायला सांगितलं असतं, आणि ती मनात आणणाऱ्यांपैकी होती.

गोष्ट वाचून कुणी असे निर्णय घ्यावेत यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण अभिप्रायाच्या वहीत नवव्या खंडापुढे तिच्या अक्षरात फक्त 'बसली' असं लिहिलेलं मी पाहिलं होतं, आणि त्या वहीतला तो सर्वांत चांगला अभिप्राय होता.

जाणारी कुटुंबं रद्दी विकून जात होती. सुलतान बाजारच्या फुटपाथवर त्या हिवाळ्यात मराठी मासिकांचे ढीग लागले होते. मी येता-जाता ते चाळत असे. एका शनिवारी मला शिवणवाल्या बाईचा मूळ अंक मिळाला. ती कथा स्वतःची अशी जवळ असावी म्हणून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं.

दारात नवरा उभा होता. केस पिकलेले, हातात पेढ्यांचा पुडा.

मी अंक घेऊन वाचनालयात गेले आणि नववा खंड काढला. मासिकातलं सत्तेचाळिसावं पान खंडात होतं, पण म्हातारीच्या कथेला जोडलेलं. आणि म्हातारीच्या कथेचं पान शिवणवालीला. दोन्ही अंकांत शेवटची कथा अठ्ठेचाळिसाव्या पानावर संपत होती. शेवटचं पान सगळ्यांत बाहेरचं, त्यामुळे अंक सोडवला की तेच आधी सुटतं. सगळं इतकं सरळ होतं की वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही याचंच नवल वाटलं. उलट दोन्हींवर पानभर अभिप्राय होते, आणि एकावर व्याख्यान.

काकांना दाखवलं. त्यांनी दोन्ही पानं बोटांनी चाचपली, खोकले आणि म्हणाले, "चाचांना विचारून या."

चाचा दुकानाच्या फळीवर मांडी घालून खळ लावत होते. मी खंड उघडून दाखवला आणि शिवण खोलून दोन पानं बदलता येतील का ते विचारलं.

"मैं पढता नैं बाईसाब," ते म्हणाले, "नंबरां देखताऊं." आकडे त्यांना उर्दू, तेलुगू, मराठी, इंग्रजी, सगळ्या लिप्यांतले येत. त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "छियालीस. बाद में?"

"सैंतालीस."

"है की नैं?"

"है, चाचा. लेकिन इस कहानी का सैंतालीस उस कहानी को लग गया."

"नंबर गलत है?"

"नंबर सही है. कहानी गलत है."

"कहानी मैं नैं लिख्या," चाचा म्हणाले आणि पुन्हा खळ लावू लागले. थोड्या वेळाने मान वर करून त्यांनी विचारलं, "पढने वाले क्या बोले?"

मी सांगितलं की लोकांना फार आवडली, एका साहेबांनी तर भाषण केलं.

"फिर खोलने को क्यों बोल रै?" चाचांनी विचारलं. मी खंड मिटून पिशवीत घातला.

रविवार मी त्या अंकाबरोबर काढला. मला प्रश्न पडला होता की मी वर्षभर दाद दिली ती कुणाला? पहिल्या लेखकाने शेहेचाळिसाव्या पानापर्यंत चांगलं लिहिलं आणि मग घाबरला. दुसऱ्या लेखकाने शेवट लिहिला, पण एकट्या म्हातारीसाठी, जिच्याकडे कुणी येणारच नव्हतं. तिचं जेवायला बसणं हे रोजचंच. नवरा येणार असलेल्या बाईने जेवायला बसणं, हे दोघांपैकी कुणीच लिहिलं नव्हतं. ते खळीच्या भांड्यातून आलं होतं. तरी ते खरं वाटलं होतं, मला आणि तिला. वाचणाऱ्याला गोष्टीत काय दिसतं आणि ते तिथे असतं का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

पण माझ्यापुढे दुसरा, साधा प्रश्न होता. तिचं पत्र अजून पिशवीत होतं. न सांगावं तर ती एका चुकीच्या पानावर विसंबून संसार टांगणीला लावणार. सांगावं, आणि तिने पत्र फाडलं, तर परीक्षा दुसऱ्यांदा बुडणार आणि ती मी बुडवलेली असणार.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला अंक दिला. शिक्षकांच्या खोलीत आणखी कुणी नव्हतं. डबा पुढ्यात तसाच ठेवून तिने शेवटचं पान वाचलं.

"आला की हा," ती म्हणाली.

"आला."

"पेढे घेऊन. म्हणजे वकीलसाहेबांचा मृत्यू तो हाच?" तिने पुन्हा वाचलं. बोट ओळीवरून फिरवत होती, पहिलीच्या मुलांना शिकवताना फिरवायची तसं. "तो रडतो. ही रडते. ही त्याला वाढते. मग ही कधी जेवते?"

मी पाहिलं. कथेत ते नव्हतं. दीड परिच्छेद संसारावर होता, बाईच्या जेवणाबद्दल अक्षर नव्हतं.

"सकाळपासून उपाशी आहे ती," मैत्रीण म्हणाली. "लेखक विसरला."

"विसरला खरा."

तिने अंक मिटून पिशवीवर ठेवला. मला वाटलं, आता पत्र बाहेर येतं आणि त्याचे तुकडे होतात. तिने विचारलं, "मग जेवायला बसते ती खरी कोण?"

"दुसऱ्या कथेतली. म्हातारी."

"ती काय करते? मला पेढ्यांपलीकडे काही आठवत नाही."

मला आठवत होतं, कारण आदल्या दिवशीच मी दोन्ही कथा पुन्हा वाचल्या होत्या. आणि तरी ते बोलताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. "शाळेत शिकवायची," मी म्हणाले. "निवृत्त शिक्षिका आहे ती."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण काढलं. "हे आधी सांगायचंस ना," ती म्हणाली आणि जेवू लागली. भाकरी तिने शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. घंटा झाली तेव्हा हात धुऊन आली, पिशवीतून लिफाफा काढला आणि शिपायाजवळ पोस्टात टाकायला दिला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ती शाळेत नेहमीसारखी शिकवत होती, पण पोस्टमनची वेळ झाली की तिच्या वर्गातलं पाढ्यांचं म्हणणं थांबत असे. उत्तर एका ओळीचं होतं: परीक्षा केव्हा संपते ते कळवणे. तिने ते मला दाखवलं आणि आम्ही त्या ओळीवर कुठल्याही कथेपेक्षा जास्त चर्चा केली. राग आहे का? सासू शेजारी बसून लिहवून घेत होती का? 'कळवणे' म्हटलं, 'कळव' का नाही म्हटलं? अभिप्रायाच्या वहीत एवढी मेहनत कुणी केली नसेल. निष्कर्ष काही निघाला नाही. तिने तारीख कळवली.

ती पास झाली आणि मे महिन्यात मुलीला घेऊन औरंगाबादला गेली. नववा खंड आहे तसाच राहिला. काकांनी दोन्ही कथांच्या शेहेचाळिसाव्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलं, 'पुढील पान दुसऱ्या कथेचे आहे, वाचावे.' अध्यक्षांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की थोर साहित्य अपघातातूनही आपला मार्ग शोधतं. त्यावरही पुढे त्यांचं व्याख्यान झालं, असं ऐकते. मी गेले नाही.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी औरंगाबादला तिच्याकडे गेले. तिथल्या शाळेत ती कायम झाली होती. सासू मधल्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेली, माझ्याशी अगदी गोड बोलली. संध्याकाळी मैत्रिणीने पानं मांडली, मुलीचं, माझं आणि स्वतःचं.

"ते यायचेत ना?" मी विचारलं.

"येतील. सर्व्हेवर गेलेत, उशीर होतो." ती वाढत होती. "त्यांचं झाकून ठेवलंय."

आमचं निम्मं जेवण झालं तेव्हा कडी वाजली. मुलगी उठून दार उघडायला गेली. नवरा आत आला, पायावर पाणी घेतलं, आम्ही जेवतोय हे पाहिलं, आणि स्वतः ताट घेऊन माझ्या समोर येऊन बसला. सासूची जपमाळ एक मणी थांबली आणि पुढे सरकली. मैत्रीण घास घेत राहिली. त्याने झाकण काढून स्वतःचं वाढून घेतलं, सराईतपणे.

मग त्याने मला विचारलं, "ते बेगम बाजारचे जिल्दसाज अजून आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले. "का?"

"काही नाही," तो म्हणाला. "हिने सगळं सांगितलंय. हैदराबादला आलो तर एकदा भेटायचंय."

चेहऱ्यावरून तो रागात होता की गंमत करत होता ते मला कळलं नाही. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती हसत होती, आणि तिने त्याच्या पानात लोणचं वाढलं.